जात्यावर उजळलेलं दौंड स्टेशन

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ जेमतेम अकरा सेकंदांचा होता. त्यात पुठ्ठ्याचं एक स्टेशन होतं, खिडक्यांत उजेड असलेली आगगाडी होती आणि मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती. तुम्ही दोघांनी विचारलंत, ही घरघर गाडीची का, आणि आजी, बॅटरी कुठं लपवली आहेस? बॅटरी नव्हतीच. घरघर जात्याची होती. हे फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहून पाठवते आहे.

सुरुवात श्रावणात माझ्या शिरूरच्या घरी झाली. मांडवगण फराट्याची तुमची मामी, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते दोघं कारेगावात खोली घेऊन राहतात आणि सुट्टी आली की मांडवगणला जातात. वाटेत शिरूर लागतं, म्हणून ती माझ्याकडे चहाला उतरते. तिच्या कारखान्यात गाडीच्या बाजूचे आरसे हलवणाऱ्या छोट्या मोटरी बनतात. दिवसभर तिच्यासमोरून मोटरी जातात. ती प्रत्येकीला वीज जोडून बघते, फिरली तर पुढे, नाही फिरली तर लाल डब्यात.

त्या सकाळी मी कपाट आवरताना तुमच्या आजोबांचा जुना टेपरेकॉर्डर खोलून बसले होते. त्यातली मोटर काढली होती, लिंबाएवढी, वर पितळेची इवलीशी चकती असलेली. तुमच्या आईच्या एका मोडक्या खेळण्यातला इवलासा लाल एलईडी दिवाही टेबलावर पडला होता. मामीला गंमत दाखवावी म्हणून मी मोटरीच्या दोन वायरी दिव्याच्या दोन पायांना धरल्या आणि अंगठ्यानं चकतीला जोरात फिरकी दिली. दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागला आणि गेला.

मामीनं कप खाली ठेवला. मोटर माझ्या हातून घेतली आणि अंगठा लाल होईपर्यंत फिरवत राहिली. एका बाजूला फिरवली की दिवा लागे, दुसऱ्या बाजूला फिरवली की लागत नसे. हे तिचं तिनंच शोधलं. मग म्हणाली, "काकू, मी रोज वीज देऊन मोटर फिरवती. मोटर फिरवून वीज घेता येती, हे मला आजवर कुणीच सांगितलं न्हाई."

मला माझं बालपण आठवलं. माझे वडील दौंडला रेल्वेत होते. डब्यांतले दिवे आणि पंखे चालू ठेवायचं त्यांचं काम. त्या काळी डब्याच्या पोटाखाली एक डायनॅमो टांगलेला असे आणि चाकांच्या आसावरून त्याच्यावर एक रुंद पट्टा गेलेला असे. गाडी धावली की चाकं फिरत, चाकांनी पट्टा, पट्ट्यानं डायनॅमो, आणि वर डब्यात बसलेली माणसं त्या उजेडात वर्तमानपत्र वाचत. गाडी थांबली की डब्याखालच्या बॅटऱ्या काम करत. मी फ्रॉक घालून इंग्रजी शाळेत जात होते तेव्हा एका रविवारी वडिलांनी मला यार्डात नेऊन वाकून बघायला लावलं होतं. हा एवढा मोठा उजेड एका पट्ट्यावर चालतो हे कळल्यावर मी घरी येईपर्यंत गप्प बसले नव्हते. मामीचं त्या सकाळी तसंच झालं. तिचं माहेरही दौंडचंच. शिफ्टची बस चुकेल म्हणून मी तिला अक्षरशः दाराबाहेर काढली.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. तिला ही वीज गौरीच्या देखाव्यासाठी हवी होती.

आता गौरींचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. आमच्या घराण्याच्या गौरी मांडवगणला थोरल्या घरी बसतात. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना तुम्ही मोठी आजी म्हणता आणि मी आक्का म्हणते, लग्न होऊन आल्यापासून त्यांचं सगळं करत आल्या. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत. त्यांना दोन सुना. थोरली म्हणजे ही आपली मामी. धाकटी पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या हौसेची आणि मनानं चांगली. तिनं आक्कांना सांगून ठेवलं होतं की गौरी माझ्याकडे द्या, मी घरातच असते, सगळं साग्रसंगीत करीन. थोरली तर कारखान्यात. ऐन गौरीत सुट्टी नाही मिळाली तर? भावकीतल्या बायकाही हेच बोलत होत्या. मामीला मात्र गौरी मांडवगणच्या घरातून हलायला नको होत्या. त्यांच्यासाठी कारेगावच्या खोलीतून आपण दर वर्षी येऊ, असं ती सांगत होती. आक्कांनी दोन्ही सुनांना एकच उत्तर दिलं होतं, की यंदा थोरलीनं करून दाखवावं, मग ठरवू.

देखाव्यावरून तर आक्कांनी आधीच टोमणा मारून ठेवला होता. हल्ली घरोघरी बाजारातल्या दिव्यांच्या माळा असतात, त्यावरून त्या म्हणाल्या होत्या, "बटन दाबलं की लागत्यात. त्यात तुझा हात कुठं हाय?"

मामीनं तो टोमणा मनावर घेतला होता. दिवे लागतील ते हातानंच, असं तिनं ठरवलं. त्यात यंदा गौरीपूजन गुरुवारी आलं होतं, आणि गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाईट नसते. म्हणजे गावातल्या बाकीच्या माळा हळदीकुंकवाच्या वेळी बंदच असणार.

देखावा काय करायचा हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गौरी माहेरवाशिणी. मग त्या येतात कशानं? आम्ही दोघी दौंडच्या, आम्हाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. गौरी आगगाडीनं दौंडला उतरतात, तिथून भीमेचा पूल ओलांडून मांडवगणला येतात. एका बाजूला स्टेशन, मधे नदी, दुसऱ्या बाजूला गाव आणि गावाच्या टोकाला प्रत्यक्ष गौरी. मी शिरूरला टेबलावर स्टेशन बांधायला घेतलं. बुटांच्या खोक्यांचे चार डबे केले, खिडक्या कापून आतून पतंगाचा कागद लावला. सरबताच्या नळ्यांचे फलाटावरचे दिव्याचे खांब केले. प्रत्येक डब्यात दोन, प्रत्येक खांबावर एक असे पांढरे दिवे, आणि सिग्नलला एक लाल, एक हिरवा. मामी दुपारच्या शिफ्टच्या आधी तास-दीड तास येई आणि दिव्यांचे पाय वायरींना जोडून देई. तिचा हात इतका स्वच्छ चालतो की माझी जोडणी तिनं मुकाट्यानं दोनदा उसकटून पुन्हा केली.

राहिला प्रश्न मोटर फिरवायचा. अंगठ्यानं फिरवून वीस-बावीस दिवे लागत नसतात. मोटर जोरात फिरायला हवी आणि सारखी फिरायला हवी. म्हणजे एखादं मोठं चाक हवं, त्यावर पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक मोटरीच्या चकतीवर. मोठं चाक एकदा फिरलं की छोटी चकती पस्तीस वेळा फिरते, असा हिशोब. सायकल उलटी ठेवायचा विचार झाला, पण गौरीपुढे उलटी सायकल बरी दिसेना. तेव्हा मामीला मांडवगणच्या पडवीतलं जातं आठवलं. दगड जड, एकदा गती घेतली की स्वतःच्या वजनानं फिरत राहणारा. आणि हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई जात्याला हात लावील, तिच्या हातानं स्टेशन उजळेल. मला ही कल्पना इतकी आवडली की मी त्या आनंदात चहात साखर दोनदा घातली.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी सगळं सामान जीपमधे घालून मांडवगणला गेले. मामीनं कुणाकुणाशी शिफ्टची अदलाबदल करून तीन दिवस मोकळे मिळवले होते. आक्का गुडघे दाखवायला दौंडला गेल्या होत्या. आम्ही माजघरात जातं मांडलं. सायकलच्या ट्यूबमधून गोल पट्टी कापून काढली आणि ती वरच्या दगडाच्या कडेवरून मोटरीच्या चकतीवर ताणून बसवली. मोटर एका फळीवर तारेनं आवळली. मामीनं खुंटा धरला आणि फिरवायला लागली.

माजघरात खिडकी नाही, भरदुपारीही तिथे अंधार असतो. त्या अंधारात दौंड स्टेशन एकदम लागलं. फलाट, डबे, सिग्नल, सगळं. नदीच्या जागी ठेवलेल्या आरशात खालीही एक गाडी उभी राहिली. आम्ही दोघी आळीपाळीनं फिरवत होतो आणि समोर जाऊन बघत होतो. मी वायरींना चिकटपट्टीच्या तुकड्यांवर आकडे घालून ठेवले आणि आम्ही सगळं चादरीखाली झाकलं. आक्का आल्यावर त्यांनी चादरीकडे बघितलं आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.

गुरुवारी दुपारी नैवेद्य झाला, घरातली जेवणं आटोपली आणि चारच्या सुमारास बायका यायला लागल्या. लाईट नव्हतीच. माजघरात गौरींपुढे समया तेवत होत्या, त्यांच्या पुढ्यात स्टेशन, आणि बाजूला पाटावर जातं. आक्का दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. मामीनं पहिला मान शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईंना दिला. हळदकुंकू लावलं, जात्याशी बसवलं आणि म्हणाली, "आजी, फिरवा. मग गंमत बघा."

आजीबाईंनी पदर खोचला, खुंट्याला हात घातला आणि सवयीनं जात्याच्या तोंडात वाकून बघितलं.

"पोरी, दाणं कुठं हायेत?"

"दाणे नकोत आजी. नुसतंच फिरवायचं."

आजीबाईंनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. "रिकामं जातं? गौरी जेवायला बसल्यात आन् रिकामं जातं फिरवायचं?"

मी तिथेच उभी होते. माझ्या डोक्यात काहीतरी खाडकन पडल्यासारखं झालं. रिकामं जातं फिरवायचं नसतं. हे मी ऐकलेलं होतं, कितीदा तरी. पण माझ्या जन्मात मी जात्यावर पसाभर धान्य दळलेलं नाही. दौंडच्या रेल्वे कॉलनीत पिठाची गिरणी होती, शिरूरलाही गिरणी होती. मामी तर माझ्या कितीतरी मागून जन्मलेली. दोन दिवसांपूर्वी आम्ही दोघींनी तासभर रिकामं जातं गरागरा फिरवलं होतं, आणि आमच्यासाठी ते एका मोठ्या चाकापलीकडे काही नव्हतं.

बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "कंपनीत रिकामंच फिरवत आसतील." त्यावर थोडं हसू झालं. मामीनं आक्कांकडे बघितलं.

मामी आत गेली आणि गव्हाचं सूप घेऊन आली. पसाभर गहू जात्याच्या तोंडात ओतले. आजीबाई आता खुशीनं पुढे सरकल्या. समोर आणखी एक बाई बसली आणि दोघींनी खुंटा धरला. जातं फिरलं, पण परवा फिरलं होतं तसं नाही. दगड गव्हावर दाबून, सावकाश, जड आवाज करत फिरत होता. स्टेशन अंधारातच. फक्त सिग्नलचा लाल दिवा विझत आलेल्या उदबत्तीएवढा लागला. पांढऱ्या दिव्यांना जास्त जोर लागतो, लालला कमी, हे मला कळत होतं. जात्याचा वेग निम्मा झाला म्हणजे मोटरीचा निम्मा, म्हणजे विजेचा जोरही निम्मा. सगळं कळत होतं आणि उपयोग काही नव्हता.

"दौंडला बी लाईट गेलीया वाटतं," मघाचीच बाई म्हणाली, आणि या वेळी सगळ्याच हसल्या. मामीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात आक्कांचा आवाज आला. त्या स्टेशनकडे बघतच नव्हत्या. त्या इतका वेळ जात्याचा आवाज ऐकत होत्या आणि तो त्यांना सहन होईना.

"आगं, गहू कशाला वतलाय त्यात? किती वर्सांत टाकी लावलेली न्हाई त्या दगडाला. हरभरं आण. आन् वरची तळी उचला, चिंधी घाला मधल्या खिळ्याला. भरडा काढायचा आसल्यावानी."

मला कळलं नाही, पण आजीबाईंना कळलं. टाकी लावणं म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडणं. हरभऱ्याची डाळ काढायची असली की पीठ करायचं नसतं, दाणा फक्त फुटायला हवा. म्हणून वरचा दगड थोडा उचलून ठेवतात. मधल्या खिळ्याभोवती कापडाची चुंबळ घातली की दगड खालच्या दगडावर टेकत नाही आणि जातं हलकं चालतं. दोघी-तिघींनी मिळून वरचा दगड उचलला. गहू काढले, आक्कांनी स्वतःच्या हातानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून खुर्चीतच चुंबळ वळून दिली. दगड पुन्हा बसला, मी पट्टा चढवला, हरभरे पडले.

जातं मोकळं झालं. आवाजच बदलला. लाल दिवा चांगला ठळक लागला, हिरवाही लागला, आणि डब्यांच्या खिडक्यांत पांढरं काहीतरी चमकायला लागलं. पण चमकून जायचं. उजेड म्हणता येईल असं नव्हतं.

माझ्याकडे खोक्यात आणखी दोन मोटरी होत्या, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या. मनात विचार आला, टॉर्चमधे दोन सेल एकामागं एक घालतो, जोर वाढतो. मग दोन मोटरी एकामागं एक का नाही? मी बायकांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. मामीनं सगळ्यांना कॉफी दिली. मी जमिनीवर फतकल मारून दुसरी मोटर फळीवर आवळायला बसले. पट्ट्याच्या आत आता जागा नव्हती, म्हणून ती बाहेरून पट्ट्यावर दाबून बसवली. पहिलीची एक वायर दुसरीला जोडली, उरलेल्या दोन स्टेशनला. मी म्हटलं, आता फिरवा.

जातं फिरलं आणि होता नव्हता तो उजेडही गेला. लाल दिवासुद्धा गेला.

मी वायरी चाचपल्या, सगळ्या घट्ट होत्या. पुन्हा फिरवायला सांगितलं, पुन्हा अंधार. दोन बायका उठल्या, त्यांना अजून तीन घरी जायचं होतं आणि ते खरंच होतं. मामीनं त्यांची ओटी भरली. आजीबाई मात्र जात्यावरून हलल्या नाहीत. हरभरे घातलेत, ते संपेपर्यंत उठायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या एकट्याच हळूहळू फिरवत राहिल्या.

मामी त्यांच्या शेजारी टेकली आणि गालावर हात ठेवून नुसती बघत बसली. मला वाटलं, हिनं आशा सोडली. पण ती जात्याकडे बघत नव्हती, मोटरींकडे बघत होती. रोज शेकडो मोटरी डोळ्यांसमोरून जातात तिच्या. ती त्या चकत्या बघत होती.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुमची पहिली पट्ट्याच्या आत हाय आन् ही बाहेर. ती ह्या अंगाला फिरतीय, ही त्या अंगाला. एक देतीय तेवढं दुसरी परत घेतीय."

मी चष्मा पुसून बघितलं. तसंच होतं. एक चकती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत होती, दुसरी उलट. सेल उलटा घातला तर टॉर्च लागत नाही, हे मी आयुष्यभर मुलांना वर्गात शिकवलं, आणि स्वतः तेच करून बसले होते. मी तोंड उघडेपर्यंत मामीनं दुसऱ्या मोटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या, अदलाबदल करून पुन्हा पिळल्या आणि आजीबाईंना म्हणाली, "आजी, जरा जोरात."

मुलांनो, मी खूप दिवे बघितले आहेत. पण तसे दिवे लागलेले मी पुन्हा बघेन असं मला वाटत नाही. स्टेशन असं लागलं की समोरच्या भिंतीवर डब्यांच्या खिडक्या उमटल्या. फलाटावरचा एकेक खांब, सिग्नल, पाण्याची टाकी, नदीतली दुसरी गाडी, पुलाचे कठडे, आणि त्या उजेडात गौरींच्या नथी. आजीबाई मान वर करून बघायला लागल्या, जातं थोडं थांबलं तर गाडी मंद झाली, पुन्हा फिरलं तर पुन्हा लखलखली. म्हणजे उजेड आपल्या हातात आहे हे सगळ्यांना एकदमच कळलं. मग तर रीघ लागली. उठून दारापर्यंत गेलेल्या दोन्ही बायका परत आल्या आणि चपला काढून आत बसल्या.

प्रत्येकीला फिरवायचं होतं. दोघी फिरवायच्या, बाकीच्या समोर जाऊन बघायच्या, मग जागा बदलायच्या. मघाची टोमणे मारणारी बाई सगळ्यांत जास्त वेळ बसली आणि कुणी उठवलं तर म्हणायची, थांब, गाडी अजून दौंडलाच हाय. म्हाताऱ्यांना ओव्या आठवल्या. त्यांच्या लयीत जातं चाललं की दिवे एकसारखे लागायचे, गाणं अडलं की दिवे लुकलुकायचे. त्या वेळी कुणीतरी फोन काढला आणि तुम्हाला आला तो व्हिडिओ घेतला. बातमी गावात फिरली आणि ज्यांच्या घरी आमच्या बायका जायच्या होत्या, त्या घरच्याच इकडे आल्या. सहाच्या सुमारास लाईट आली. बाहेरच्या खोलीतला पंखा फिरायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. माजघरातलं बटण कुणीही दाबलं नाही.

दिवेलागणीला घर रिकामं झालं. परातभर डाळ निघाली होती. मामी जात्याभोवतीची टरफलं झाडून गोळा करत होती. आक्का खुर्ची ओढत ओढत स्टेशनसमोर घेऊन आल्या आणि बसल्या. त्यांनी सगळं बारकाईनं बघितलं. डब्यांच्या खिडक्या, खांब, पूल. मी त्यांच्या मागे उभी होते आणि परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं मला झालं होतं. मामीचं तर झाडणंही थांबलं होतं.

मग आक्का म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पर गाडी जाग्यावरच हाय की. गौरी यायच्या कवा?"

मामी काहीतरी सांगायला लागली, की हलवायचं म्हणजे रूळ लागतात, वगैरे. आक्कांनी तिला मधेच थांबवलं. "पुढल्या साली हलली पायजे."

मामी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. "पुढल्या साली... हितंच का आत्याबाई?"

"मग काय, हे जातं पुण्याला तिसऱ्या मजल्यावर चढवायचं?" आक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, जरा नरमाईनं, "धाकटीला मी फोन करून सांगती. तिला म्हणावं पोरं घेऊन दोन दिस आधी ये. फिरवायला माणसं लागत्यात. आन् तू रजेचं लवकर बघ, आसं ऐन टायमाला न्हाई."

मामीनं केरसुणी भिंतीला टेकवली, आक्कांच्या पाया पडली, मग माझ्याही पडली, आणि उठता उठताच मला विचारलं, "काकू, मोटरीनं केलेल्या विजेवर दुसरी मोटर फिरंल का?"

मी म्हटलं, फिरेल की. का नाही फिरणार? तुझ्या कारखान्यात येते ती वीजही कुठंतरी काहीतरी फिरवूनच केलेली असते.

पुढचं मला धड बोलूच दिलं नाही तिनं. खोक्यातून उरलेली तिसरी मोटर काढली, तिच्या चकतीला कागदाचं एक भिरभिरं चिकटवलं आणि तिच्या वायरी स्टेशनच्या वायरींना जोडल्या. आक्कांनी परातीशेजारच्या सुपातले पसाभर हरभरे उचलून जात्यात घातले आणि आम्हा दोघींना बसायची खूण केली. मी एका बाजूनं खुंटा धरला, मामीनं दुसऱ्या बाजूनं. गाडीचे दिवे लागले, आणि फलाटाच्या टोकाला भिरभिरं आधी थोडं थरथरलं, मग फिरलं.